कॉर्कच्या पाळण्यातली सुपारी

सुलक्षणानं बांधलेला पाळणा कधी निसटला नाही. आजऱ्याजवळच्या जांभूळमोळ्यात कुणालाही विचारा. गावात बाळ जन्मलं की बाराव्या दिवसाचा पहिला निरोप तिच्याकडे जायचा. ती यायची, घरातल्या तुळईला हात लावून बघायची, दोरीला गाठ मारून स्वतः लोंबकळायची आणि म्हणायची, "आता हत्तीचं पिल्लू घातलं तरी भ्या न्हाई." मग पाळण्यात आधी वरवंटा निजवायची, आणि गळा मोकळा करून पाळणा म्हणायची. चाळीस वर्षांत तिनं गावाची निम्मी पोरं अशी झोपवली. त्यातली काही आता शिक्षक झाली होती, एक तलाठी झाला होता, आणि रस्त्यात भेटला की तो अजून लाजून मान खाली घालायचा.

फक्त स्वतःच्या नातीचा पाळणा तिच्या हातून राहिला.

नात जन्मली आयर्लंडमध्ये, कॉर्क नावाच्या शहरात, जगाची दारं बंद झाली होती त्या एप्रिलमध्ये. विमानं जमिनीवर, माणसं घरात. बारसं फोनवर झालं. मुलगा वरुण म्हणाला, "आई, आत्याही मीच आणि बापही मीच, तू फक्त गा." सुलक्षणानं जांभूळमोळ्याच्या ओसरीवर बसून गायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच कडव्याला फोन बंद पडला. मागाहून एक फोटो आला. त्यात वरुण होता, सून स्वप्ना होती, लाकडी पलंगडीत इवलीशी ज्ञानदा होती. टेबलावर फोन टेकवून ठेवलेला दिसत होता, काळा. त्या काळ्या चौकोनात सुलक्षणा होती म्हणायची. आणि मागच्या खिडकीच्या काचेबाहेर, अंगणात उभी राहून टाळ्या वाजवणारी, पांढऱ्या केसांची एक उंच बाई होती.

"ही कोण?" सुलक्षणानं विचारलं होतं.

"शेजारची ब्रीडा. फार चांगली आहे गं. रोज दाराशी सूप ठेवून जाते."

तो फोटो सुलक्षणानं पुष्कळदा बघितला. काचेबाहेर का होईना, ती बाई तिथं होती.

पुढं नवरा विद्याधर अंथरुणाला खिळला. चार वर्षं त्याला उठवण्या-बसवण्यात गेली आणि गेल्या वर्षी तो गेला. त्यानंतर वरुणनं नोकरी बदलून कॉर्कच्या उत्तरेला, पोर्टलीश गावात घर घेतलं. सुलक्षणा नोव्हेंबरात तीन महिन्यांसाठी तिथं पोचली, तेव्हा ज्ञानदा साडेपाच वर्षांची होती. आजीचं मराठी तिला सगळं कळायचं; उत्तर मात्र इंग्रजीत, आणि तेही कॉर्कच्या हेलात, वाक्याच्या शेवटाला सूर उंच उडवत. तो हेल तिला कुणी दिला ते सांगायला नको होतं. ज्ञानदा एक वर्षाची झाल्यापासून पाचाची होईपर्यंत, आईबाप कामावर गेले की ती ब्रीडाकडेच असायची. तिला ती 'नाना' म्हणायची. इकडे आजीला तसंच म्हणतात म्हणे. सुलक्षणाच्या गावातले नाना गिरणीवर बसायचे आणि त्यांना झुपकेदार मिशा होत्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हसली होती. दुसऱ्यांदा हसली नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली. जानेवारीअखेर आजी-आजोबांचा दिवस. पोरांनी आपल्या आजीला नाहीतर आजोबांना वर्गात घेऊन यायचं. तारीख मागाहून कळवू.

"मग कुणाला न्यायचं?" स्वप्नानं विचारलं. सुलक्षणा चपाती लाटत होती. लाटणं थांबलं नाही, पण कान टवकारले.

"नानाला," ज्ञानदा म्हणाली. एवढं सरळ, की जणू पाणी हवं म्हणाली.

स्वप्ना गोरीमोरी झाली. "अगं, आज्जी आहे ना इथं."

"आज्जीला इंग्लिश येत नाही," पोरगी इंग्रजीत म्हणाली. "टीचर काय बोलणार तिच्याशी?"

"नेऊ दे की," सुलक्षणा म्हणाली. "मला काय. मी इथं चपात्या करीन." त्या दिवशी एकही चपाती फुगली नाही.

नाताळात ब्रीडानं सगळ्यांना दोन दिवस राहायला बोलावलं होतं. ज्ञानदा तिथंच तिला शाळेचं विचारणार होती. सुलक्षणाला गुडघ्यांचं कारण सांगून घरी थांबता आलं असतं. पण तिला ती बाई बघायची होती.

तेवीस तारखेला ते गाडीनं निघाले. दक्षिणेकडे जाताना धुकं शेतांवर ताकासारखं पसरलं होतं. साडेचारला अंधार पडला, आणि कॉर्क दिसलं ते दिव्यांचंच दिसलं. नदी गावात शिरताना दुभंगते आणि पुढं पुन्हा एक होते. मधल्या बेटावर जुनं शहर, चहूकडून पूल. पुलांवर दिवे, पाण्यात दिवे, आणि उत्तरेला उभ्या चढाच्या टेकडीवर घरांवर घरं रचलेली, प्रत्येकाच्या खिडकीत उजेड. टेकडीवर शँडनचं जुनं चर्च, त्याच्या शिखरावर कळसाऐवजी सोन्याचा मासा. सुलक्षणाला शहर आवडलं, आणि आवडलं म्हणून तिला राग आला. तिच्या नातीचं पहिलं पाऊल या दगडी उतारावर पडलं होतं. ही गल्ली तिला ओळखत होती. आजी ओळखत नव्हती.

गाडी थांबताच ज्ञानदा बाहेर सुटली आणि त्या उंच बाईच्या कमरेला चिकटली. सुलक्षणाकडे पिशव्या राहिल्या.

ब्रीडा सत्तरीची होती. आयुष्यभर लोकांचे पडदे शिवलेली, बोटांना अजून सुईच्या खुणा. तिनं सुलक्षणाचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी लांबलचक बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, साडेपाच वर्षं वाट बघितली तुमची," स्वप्नानं सांगितलं.

"पोर सांभाळत वाट बघितली. बरंय," सुलक्षणा म्हणाली. स्वप्नानं ते इंग्रजीत सांगितलं नाही.

दोष काढायचा तर त्या बाईनं जागाच ठेवली नव्हती. नाताळचं तिचं ठरलेलं मसाल्यातलं बीफ तिनं शेजारणीकडे ठेवायला दिलं होतं, या दोन दिवसांत घरात मांस शिजणार नव्हतं. रात्रीच्या जेवणाला तिनं वरणभात केला. "प्रेसमध्ये हिंग आहे बघा आई," स्वप्ना म्हणाली. ती इकडच्यासारखी कपाटाला प्रेस म्हणायची. कपाटात खरंच हिंगाची डबी होती, वर शाईनं नाव लिहिलेली. वरण पातळ होतं, फोडणी थोडी कच्ची. सुलक्षणाला मनात बरं वाटलं. तेवढ्यात ज्ञानदानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि जाहीर केलं, "आज्जीचं तिखट असतं. नानाचं बेस्ट."

"अगं, नानाला मम्मानंच शिकवलंय," वरुण हसत म्हणाला.

"आणि मम्माला मी," सुलक्षणा म्हणाली. पण तोवर पोरगी ब्रीडाच्या मांडीवर चढली होती, आणि मांडीवर बसलेल्या पोराला इतिहास सांगून उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रीडाला ऑस्ट्रेलियाहून मुलाचा फोन आला. पडद्यावर मुलगा, सून, मागं नाताळचं झाड. ब्रीडा नातवाला हाका मारत राहिली. नातू एकदा डोकावला, हात हलवला आणि बाहेर पळाला. पडद्यावर नुसता सोफा उरला. ब्रीडा तरी हसून हात हलवतच होती. सुलक्षणाला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटली. पण आधी बरंच वाटलं, हे खोटं कशाला सांगा.

मग सगळे शँडनला निघाले. तिथं वर चढून येणाऱ्या कुणालाही घंटांच्या दोऱ्या ओढू देतात, आणि ज्ञानदा दर नाताळला नानाबरोबर घंटा वाजवायची. "आई, पायऱ्या फार आहेत आणि अरुंद आहेत," वरुण म्हणाला. "तू थांबतेस का?"

"जावा. मी घर राखते."

घर शांत झालं. सुलक्षणा खोलीभर हिंडली. ज्ञानदाची चित्रं भिंतीवर, ज्ञानदाचे छोटे बूट अजून दाराशी, ज्ञानदाची उंची चौकटीवर पेन्सिलीनं नोंदलेली, दर वर्षाची एक रेघ. तिनं सगळ्यांत खालच्या रेघेवर बोट ठेवलं आणि उचललं.

कोपऱ्यातल्या मेजावर येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा मांडला होता. मातीच्या बाहुल्या, जुन्या, रंग उडालेल्या. गाय, गाढव, मेंढरं, दाढीवाला बाप, निळ्या पदराची आई. मधे गव्हाण, तिच्यात खरं गवत. सुलक्षणाला हा देखावा चांगला माहीत होता. पोर्टलीशच्या दुकानात असाच होता आणि त्यात गव्हाणीत बाळ होतं. सुगीच्या दिवसांत तिनं वरुणलाही गोठ्यात गव्हाणीतच निजवलेलं. गरिबाघरचं बाळ, ते तिला समजावून द्यायची गरज नव्हती. पण इथं गव्हाण रिकामी होती. आईबाप वाकून बघतायत आणि आत नुसतं गवत.

बाळ हरवलं असणार. फुटलं असणार. आणि या बाईनं पाळणा तसाच रिकामा मांडून ठेवला! लेकुरवाळ्या घरात! रिकामा पाळणा ठेवू नये, हे जांभूळमोळ्यात लहान पोरीलासुद्धा ठाऊक असतं. म्हणून तर बाळाआधी वरवंटा निजवायचा, पाळण्यानं बाळाची जागा भरलेली बघावी म्हणून. सुलक्षणाच्या मनात एक गोड, कडक सुख उठलं. हिंगाची डबी ठेवलीस, वरण शिकलीस, पण पाळण्यातलं तुला काय कळतं? आणि त्याच झपाट्यात तिच्या मनात आलं, ही बाई तरी कोण? बाळाचं खरं माणूस येईपर्यंत ठेवलेला वरवंटाच की. आता मी आलेय.

तिनं बटव्यातून सुपारी काढली. घरी देवापुढं गणपती म्हणून मांडायची ती. पाण्यानं धुतली, पदराला पुसली आणि गवतात अलगद निजवली. मग हळू आवाजात पाळणा म्हणू लागली, फोनवर तुटला होता तिथून पुढचा. त्याच वेळी टेकडीवरून घंटा ऐकू आल्या. तीन-चार सूर, अडखळत, एक चुकून दोनदा. पोरीचा हात. आणि पोरीच्या हातावर कुणाचा हात, तेही तिला न बघता दिसत होतं. ती मोठ्यानं गायली.

तासाभरानं सगळे गारठून, लाल नाकांनी परतले. ज्ञानदा बूट न काढता सरळ मेजाकडे धावली आणि किंचाळली.

"हे काय आहे? कुणी ठेवलं?"

"मी ठेवलंय गं," सुलक्षणा अभिमानानं म्हणाली. "रिकामं होतं न्हवं."

"ते रिकामंच असतं! अंधार पडेपर्यंत! बाळ अजून जन्मलंच नाहीये!" पोरगी इंग्रजीत ओरडत होती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मी सगळ्यात लहान आहे, मी मेणबत्ती लावते, मग मी बाळ ठेवते. इट्स माय जॉब! तू सगळं बिघडवलंस आज्जी!" तिनं सुपारी उचलली आणि भिरकावली. ती टणटणत मोठ्या कपाटाखाली गेली.

"आई, विचारायचं तरी," वरुण म्हणाला.

"तू गप रे!" सुलक्षणाचा आवाज फाटला. "माझा देव फेकला तिनं, ते दिसलं न्हाई तुला? बाळ न्हाई म्हणून ठेवला मी. मला काय ठाऊक तुमचं बाळ आज जन्मतं!" आणि ती स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. शाळेचा दिवस गेला हे तिला कळून चुकलं. आता तर पोरगी तिला पिशव्या धरायलासुद्धा नेणार नव्हती.

खोलीतून खरखर आवाज येत राहिला. बऱ्याच वेळानं सुलक्षणानं डोकावून बघितलं. सत्तर वर्षांची ब्रीडा जमिनीवर पालथी पडून झाडूच्या दांड्यानं कपाटाखाली चाचपत होती. केसांना जाळं लागलं होतं. सुपारी निघाली तेव्हा तिनं ती फुंकली, स्वेटरला पुसली आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन आली.

"विचारते, हे काय आहे," स्वप्ना म्हणाली.

सुलक्षणाला सांगायचं नव्हतं. पण पाळण्याबद्दल विचारलं आणि ती गप्प राहिली, असं आजवर झालं नव्हतं. तिनं वरवंट्याचं सांगितलं. रिकाम्या पाळण्याचं सांगितलं. ब्रीडा मधे मधे स्वप्नाला थांबवून पुन्हा विचारून घेत होती.

"मग बाळ आलं की त्याला कसं ठेवता?"

"वरवंटा काढायचा. मग दोघी बायका लागतात. एकीनं बाळाला पाळण्याखालून द्यायचं, दुसरीनं पलीकडून घेऊन वरून परत द्यायचं. असं फिरवून मग निजवायचं. एकटीला जमत न्हाई ते."

"दोघी," ब्रीडा म्हणाली. आणि सुपारी गवतात परत ठेवून ज्ञानदाला काहीतरी सांगितलं, बोट उगारून. पोरगी मुसमुसत ऐकत राहिली. "अंधार पडेपर्यंत या सुपारीनं जागा राखायची," असं ती म्हणाल्याचं स्वप्नानं मागाहून सांगितलं.

साडेचारला खिडकीबाहेर अंधार उतरला. ज्ञानदानं खिडकीतली मेणबत्ती लावली. गल्लीभर एकेक ज्योत उमलत गेली. मग ब्रीडानं खणातून कापसात गुंडाळलेलं बोटाएवढं बाळ काढलं आणि सुलक्षणाच्या तळहातावर ठेवलं. ज्ञानदानं सुपारी उचलून मुठीत घेतली. सुलक्षणानं मेजाच्या कडेला गव्हाण ओढली, बाळ तिच्याखालून पुढं केलं. पलीकडं ब्रीडाचा हात पसरलेला होता. सुलक्षणाची बोटं सुटेनात. क्षणभरच, पण ब्रीडाला ते कळलं, आणि तिनं ओढलं नाही, नुसता हात तसाच ठेवला. मग सुलक्षणानं दिलं. वरून परत आलं. खालून पुन्हा गेलं. तिसऱ्या फेरीला ज्ञानदा म्हणाली, "मी! आता मी!" आणि तिनं बाळ निजवलं. सुलक्षणा गायली. फोन बंद पडणार नव्हता.

जेवताना ज्ञानदानं ठरलेलं विचारलंच. "नाना, शाळेत आजी-आजोबांचा दिवस आहे. तू येशील?"

सुलक्षणाचा घास हातात राहिला. ब्रीडानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि पोरीला काहीतरी हळहळत सांगितलं.

"काय म्हणाली?" सुलक्षणानं विचारलं.

"म्हणाली, त्या दिवशी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. तू आज्जीला ने."

"कुठल्या दिवशी?"

"त्या... त्या दिवशी."

"तारीख कुठं ठरलीय अजून? पोरीनं सांगितली व्हय?"

स्वप्ना उगाच भात वाढू लागली. सुलक्षणा समजली. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. आणि ते त्या बाईनं आपल्या ताटातून उचलून तिच्या ताटात घातलं होतं, खोटं बोलून, हसून. आजवरचा मत्सर याच्यापुढं काहीच नव्हता. मांडीचा, वरणाचा, चौकटीवरच्या रेघांचा एकवेळ सोसला असता. हा मोठेपणाचा सोसवेना.

नाताळच्या सकाळी बाहेर एक बस नाही, एक माणूस नाही. दोघी स्वयंपाकघरात छोट्या कोबीचे गड्डे सोलत होत्या. सुलक्षणानं स्वप्नाला हाक मारली.

"हिला सांग, डॉक्टरला दुसरी तारीख माग म्हणावं. आणि शाळेत ये."

"आई, राहू दे ना, तिनं स्वतःहून..."

"स्वतःहून दिलं म्हणूनच. मला कुणी वाढलेलं नको. पोरगी मला नेईल तर तिला वाटलं म्हणून नेईल. दोघी बसू. बघू."

स्वप्नानं सांगितलं. ब्रीडा लाल झाली, मग मोठ्यांदा हसली. "ग्रँड," ती म्हणाली. तेवढं सुलक्षणाला कळलं.

जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी ब्रीडा आगगाडीनं पोर्टलीशला आली. ज्ञानदा फलाटावर तिच्याकडेच धावली. सुलक्षणानं इरकल साडीवर वरुणचा जाड कोट घातला होता. ती दोन पावलं मागं उभी राहिली आणि ते धावणं तिनं नीट बघून ठेवलं.

वर्गात बुटक्या खुर्च्या होत्या. दोघी शेजारी बसल्या, दोघींचे गुडघे हनुवटीपर्यंत. आयर्लंडचे आजोबा, पोलंडची एक आजी, केरळची एक. एकेक पोर आपल्या आजी-आजोबांविषयी दोन वाक्यं बोलत होतं. ज्ञानदाची पाळी आली. ती उभी राहिली. सुलक्षणानं मनात ठरवून टाकलं, आता नानाच्या घंटांचंच निघणार.

ज्ञानदानं खिशात हात घातला आणि सुपारी काढली. महिनाभर ती सापडत नव्हती. सुलक्षणानं बटवा तीनदा उलटा केला होता. पोरगी ती सगळ्या वर्गाला दाखवत इंग्रजीत भराभरा बोलत होती. हातानं गव्हाण करून दाखवत होती, खालून, वरून. सुलक्षणाला त्यातला एकच शब्द ओळखू येत होता, पण तो पुन्हा पुन्हा येत होता. आज्जी. मधेच पुन्हा, आज्जी. वर्गाच्या बाई मान डोलावत होत्या. एका पोरानं सुपारीला बोट लावून बघितलं. नाना हा शब्द एकदाही आला नाही.

सुलक्षणानं शेजारी बघितलं. ब्रीडा हसत होती, टाळ्या वाजवायला हात तयार होते. पण ओठ हसत असताना डोळ्यांखाली काहीतरी सरकून गेलं. लहानसं, बोचरं, झटकन लपवलेलं. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. सुलक्षणाला मात्र कुणी सांगायची गरज नव्हती. साडेपाच वर्षं ती रोज आरशात तेच बघत आली होती.

पहिल्यांदाच तिला ती बाई आपली वाटली. तिनं पिशवीतून तिळाच्या लाडवांचा डबा काढला, सगळ्यांत मोठा लाडू निवडला आणि ब्रीडाच्या सुयांनी टोचलेल्या हातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "पुढच्या बुधवारी मी गावाला चाललेय. मग तुझीच आहे की ती."

ब्रीडाला शब्द कळले नाहीत. तिनं लाडू घेतला, आणि सुलक्षणाचा हात मात्र लगेच सोडला नाही.